मागची सीट

संत्र्याच्या चार फोडी पौर्णिमाने न वळताच मागे हात करून धरल्या. एका लहान हाताने त्यातल्या दोन उचलल्या, उरलेल्या दोन तिच्या तळव्यावर तशाच राहिल्या. मूर्तिजापूर मागे पडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, जानेवारीचं सकाळचं ऊन काचेतून मांडीवर येत होतं, आणि ती नुकत्याच जाग्या झालेल्या अंकुरसाठी आणि रागिणीसाठी संत्रं सोलत बसली होती. "रागिणी, घे ना," ती म्हणाली. हात तसाच. मग अंकुर म्हणाला, "ताई नाही." तिला वाटलं, ताईला नको आहे. ती म्हणाली, थोडं तरी खा, तेव्हा तोंडातलं संत्रं एका गालात सारून साडेतीन वर्षांचा तो पोरगा समजावल्यासारखा पुन्हा म्हणाला, "ताई इथं नाहीच." तिने वळून पाहिलं. मागच्या सीटवर अंकुर बसला होता, त्याच्याजवळ रागिणीचा गुलाबी स्वेटर होता, पाण्याची बाटली होती, आणि बाकी सीट होती.

कुलदीपने ब्रेक मारला तशी मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला. काय झालं, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने आरसा खाली वळवून मागे पाहिलं, मग मान वळवून पाहिलं, मग पौर्णिमाकडे. "मी तुले इचारलं होतं," तो म्हणाला. आवाज चढवून नाही. एखादी गोष्ट आठवून पाहावी तसा. विचारलं होतं हे खरंच. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका हॉटेलावर ते चहाला थांबले होते. निघताना पाण्याची बाटली भरून तो आला, गाडीत बसला, किल्ली फिरवली आणि म्हणाला, बसले का सगळे? आणि ती म्हणाली होती, हो, चला.

वळायला जागा नव्हती. चौपदरी रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर कण्हेरीची झाडं लावलेली, आणि पुढचा कट कुठे आहे ते दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणजे रागिणीकडे जायचं तर आधी तिच्यापासून आणखी लांब जायचं होतं. तीन किलोमीटर असतील, चार असतील. पौर्णिमाला प्रत्येक किलोमीटरचा दगड पाठ फिरवून उभा असल्यासारखा वाटला. हातातल्या दोन फोडी तिने कुठे ठेवल्या ते तिला आठवत नाही. हॉटेलचा नंबर नव्हता. हॉटेलचं नावसुद्धा कोणी वाचलं नव्हतं. कुलदीप तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता, ते देवाचं नाव होतं की शिवी, हे तिने विचारलं नाही. ती डोक्यात ते हॉटेल पुन्हा पुन्हा लावून पाहत होती: पुढे पत्र्याची शेड, कढईत आलुबोंडे, मागच्या बाजूला सिमेंटचं बाथरूम. मम्मी, मी जाऊन येते, रागिणी म्हणाली होती. जा, मी आहे इथंच, असं ती म्हणाली होती. त्याच वेळी अंकुरने चहाचा कप उपडा केला, पायावर गरम थेंब उडाले म्हणून भोकाड पसरलं, आणि तिने त्याला उचललं, फुंकर घातली, खांद्यावर थोपटत गाडीपर्यंत नेलं. मागचं दार उघडलं. त्याला सीटवर निजवलं. आडवं. पूर्ण सीटभर. त्याचे पाय पसरले त्याच जागेवर रागिणी घरापासून बसून आली होती, आणि ते पाय तिने स्वतःच्या हाताने सरळ केले, वरून चादर घातली, दार हळू लावलं, आवाज होऊ नये म्हणून. आता रागिणी कुठे बसेल, हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. विसरणं वेगळं. हे विसरणंही नव्हतं. तिथे जागाच उरली नव्हती आणि ते तिला दिसलं नव्हतं.

आणि त्यानंतरची बारा-तेरा मिनिटं. त्यांचं तिला काय करावं कळेना. अंकुर लगेच झोपला. गाडीत शांतता झाली. राजापेठेतल्या त्यांच्या घरात अशी शांतता कधी नसते. खाली दुकानं, वर क्लास, ती स्वतः सकाळ-संध्याकाळ दहावीच्या पोरांना गणित शिकवते, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न. कुलदीप ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत, आठवड्याचे चार दिवस तो यवतमाळ-वाशीमकडे फिरतीवर. आज सकाळी तो अंघोळ करून आला आणि अचानक म्हणाला, चाला, कुठीतरी जाऊ. कुठे, तर पातूरला लेण्या आहेत, कॉलेजात असताना पाहिल्या होत्या, आणि येताना अकोल्याला रागिणीच्या आजीकडे, मनकर्णा आईंकडे थोडं टेकू. तिने पोळ्या लाटायच्या सोडून दिल्या आणि अर्ध्या तासात सगळे गाडीत. हॉटेलपासून निघाल्यावर तो कॉलेजातल्या त्या सहलीचं काहीबाही सांगत होता, ती हसत होती, पोटरीवर ऊन पडलं होतं, आणि तिला स्पष्ट आठवतं, शब्दासकट आठवतं, की तिच्या मनात आलं होतं: असंच असावं. असंच म्हणजे कसं? त्या वेळी गाडीत तिघं होती. हे वाक्य तिने आता मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं. ते शांततेबद्दल होतं, उन्हाबद्दल होतं, नवऱ्याच्या बोलण्याबद्दल होतं. असेल. पण ज्या क्षणी ते मनात आलं त्या क्षणी रागिणी एका परक्या हॉटेलच्या मागून ओले हात फ्रॉकला पुसत पुढे आली असेल आणि गाडी होती त्या जागेकडे पाहत उभी राहिली असेल.

रागिणी तिच्या पोटची नाही. हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते विसरल्यासारखं वागत, तेही तिला बरं वाटे. कुलदीपची पहिली बायको जमुना गेली तेव्हा रागिणी दोन वर्षांची होती. वर्षभराने पौर्णिमा त्या घरात आली. आली त्या दिवशी पोरगी दाराआडून पाहत होती, रडत नव्हती, हसत नव्हती. पहिल्याच आठवड्यात पौर्णिमाने तिच्यासाठी स्टीलचं छोटं ताट आणलं, त्यावर नाव घालून घेतलं. अंकुर झाल्यावर तिने स्वतःला एक नेम घालून घेतला: जे त्याला ते तिला, आधी तिला. दुधाचे दोन पेले शेजारी ठेवून ती खाली वाकून पातळी पाहायची. दिवाळीचे कपडे एकाच दुकानातले. शेजारच्या आशाबाई एकदा म्हणाल्या होत्या, सख्खी आई करत नाही एवढं तू करतेस, आणि त्या वाक्यावर ती कितीतरी दिवस जगली होती. आता गाडी शंभराच्या वेगाने उलट्या दिशेला धावत असताना तिला पहिल्यांदा असं वाटलं की अंकुरचा पेला तिने कधी एकटा ठेवून मोजला नव्हता. मोजायची गरज फक्त रागिणीच्या पेल्याला लागे.

रागिणी हॉटेलच्या शेडमध्ये एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर आलुबोंड्याची बशी, एकही घास खाल्लेला नाही. कढईजवळच्या बाईने झारा बाजूला ठेवला आणि पदराला हात पुसत ती पुढे आली. तिला सगळे बेबीताई म्हणत होते. "तुमी आई व्हय का?" तिने विचारलं. पौर्णिमा हो म्हणाली. बेबीताई सांगत होती की पोरगी मागून आली, इकडं तिकडं पाह्यलं आणि सरळ येऊन खुर्चीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. बापाचा नंबर येते का म्हणून विचारलं तर मान खाली घातली. पंधरा मिनिटं आणखी पाहिली असती अन् पोलिसांना फोन लावला असता. कुलदीपने रागिणीला खुर्चीतून उचललं आणि छातीशी धरून तसाच शेडबाहेर गेला. त्याचे खांदे हलत होते. पौर्णिमा मागे उभी राहिली. तिला एकदम मोझरी आठवली. ती स्वतः सात वर्षांची असेल, महाराजांच्या पुण्यतिथीच्या गर्दीत आईचा हात सुटला होता, आणि प्रार्थनेच्या मैदानात दहा मिनिटं ती हरवली होती. आईला सापडली तेव्हा आईने आधी पाठीत दोन धपाटे घातले, मग पोटाशी ओढून एवढं आवळलं की पातळाच्या निऱ्यांचा गंध अजून नाकात आहे. पाठ दुखत होती आणि ती घरी आली होती. आता रागिणीला पाहिल्यावर तिचा हात खरंच उठू पाहत होता, त्याच धास्तीने, त्याच रागाने. पण तो हात तिला उचलता येईना. या पोरीला मारायचा हक्क तिने कधी घेतलाच नव्हता. चांगलं नाव राहावं म्हणून तिने तो मुद्दाम बाजूला ठेवला होता. आणि तो नाही म्हटल्यावर त्याच्यामागून येणारं दुसरंही आलं नाही. ती जवळ गेली, बापाच्या खांद्यावर टेकलेल्या त्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, चल बेटा. जसं क्लासमधल्या पोरीला म्हणावं.

परत जाऊ या, ती म्हणाली. पण कुलदीप म्हणाला, परत गेलो तर तिच्या डोक्यात हेच राहीन, पुढे जाऊ, लेण्या पाहू, दिवस चांगला करू. आणि गाडी सुरू करायच्या आधी तो हळूच म्हणाला, "आईइकडं हे बोलायचं नाही. म्हातारी आहे. उगीच काहीबाही घेईन मनात." ती हो म्हणाली. जमुनाची आई काय मनात घेईल ते तिला ठाऊक होतं. तेच तर तिच्याही मनात होतं.

पातूरच्या लेण्यांमध्ये गारवा होता. कोरायचं अर्ध्यात सोडून कोणीतरी निघून गेल्यासारखे ते दगडी खांब. कुलदीप अंकुरला खांद्यावर घेऊन आत शिरला, त्याला ओरडायला लावत होता, आवाज फिरून येत होता आणि अंकुर खिदळत होता. पौर्णिमा बाहेर पायरीवर रागिणीजवळ बसली. पोरगी एका काडीने धुळीत चौकोन काढत होती, चौकोनाच्या आत चौकोन. पौर्णिमाला माफी मागायची होती. लहान मुलाची माफी कशी मागतात ते तिला माहीत नव्हतं. मोठ्यांची मागताना निदान मान खाली घालता येते. तिने दुसरंच विचारलं. "पप्पाचा नंबर तर पाठ आहे तुले. मग त्या काकूले काहून नाही सांगितला?"

रागिणीने चौकोन पुरा केला. "फोन केल्यावर तं कोणीबी येते," ती म्हणाली.

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. रुसवा नाही, टोमणा नाही. आठ वर्षांच्या पोरीला टोमणा येतही नसेल. गणितातलं उत्तर सांगावं तसं तिने ते सांगितलं आणि काडी टाकून आत बापाकडे गेली. पौर्णिमा पायरीवर बसून राहिली. म्हणजे ती अर्धा तास त्या खुर्चीवर बसली होती ती वाट पाहत नव्हती फक्त. ती पाहत होती, आपण आपोआप आठवतो का. आणि ती आठवली नव्हतीच. संत्र्याच्या फोडी उरल्या म्हणून आठवली. अंकुर बोलला म्हणून. तेही नसतं तर अकोल्यापर्यंत आठवली असती का? हा हिशेब पौर्णिमाला पुढे नेववेना. आत कुलदीप म्हणत होता, रागिणी, तू पण ओरड, पाह्य कसा आवाज येते. मग रागिणीचा आवाज आला, बारीक, एकदाच, आणि तो दगडावरून परत येण्याइतका मोठाही नव्हता.

अकोल्यात डाबकी रोडला मनकर्णाबाईंच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, ब्लाउजांचे गठ्ठे, भिंतीवर जमुनाचा फोटो. दर वेळी पौर्णिमा त्या फोटोकडे पाठ येईल अशी खुर्ची निवडायची; आज ती खुर्ची कापडांनी भरलेली होती म्हणून तिला समोर बसावं लागलं. जमुनाचा चेहरा साधा होता, फोटो काढणाऱ्याने काहीतरी सांगितलंय आणि ते नीट ऐकू आलं नाही, असा. मनकर्णाबाईंनी पोहे केले, त्यावर कच्चा कांदा आणि लिंबू. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. पातूरच्या लेण्या, रागिणीची शाळा, मशीनचा पट्टा कसा सारखा सुटतो. आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाताना अंकुर म्हणाला, "आजी, आमी ताईले हॉटेलात सोडून गेलतो."

कुलदीप हसल्यासारखं करून म्हणाला, काय बोलते हा. मनकर्णाबाईंनी ताट खाली ठेवलं. त्या ना कुलदीपकडे पाहत होत्या ना पौर्णिमाकडे. रागिणीकडे पाहत होत्या. आणि रागिणी, कोणी न विचारताच, घाईने म्हणाली, "मी लपली होती, आजी. मजाक म्हणून. त्याइले सापडलीच नाही मी."

इतकं नीट खोटं. कधी जुळवलं असेल तिने ते, लेण्यांत की गाडीत, की त्या खुर्चीवरच? पौर्णिमाच्या लक्षात आलं की आता गप्प राहिलं की झालं. पोरीने दार लावून घेतलं होतं, तेही आतून, स्वतःच्या अंगावर कडी ओढून. कुलदीपने सुस्कारा टाकला होता. म्हातारीचा चेहरा सैल पडू लागला होता. आता ती रागिणीला लटकं रागावेल, असे खेळ करू नये म्हणेल, आणि रागिणी मान हलवेल, आणि हे खोटं त्या घरात कायमचं खरं होऊन बसेल. दर वर्षी कोणीतरी आठवण काढेल, रागिणी लपली होती तो किस्सा. पौर्णिमाच्या तोंडात पोह्याचा घास होता. तो तिने गिळला.

"नाही, आई," ती म्हणाली. "ती लपली नव्हती. ती बाथरूमले गेली होती. मी तिले म्हटलं होतं, मी इथंच आहे. यांनी विचारलं बसले का सगळे, तर मी मागं न पाहता हो म्हटलं. बारा-तेरा मिनिटं आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही."

बाकीचं तिने सांगितलं नाही. शांततेचं, उन्हाचं, ते एक वाक्य. ते सांगितलं असतं तर खरं पुरतं झालं असतं. पण ते तिने आपल्याकडे ठेवलं, आणि ते कुणालाही कधी सांगणार नाही हेही तिला तेव्हाच कळलं. कुलदीप खाली पाहत होता. रागिणीचा चेहरा लाल झाला होता, चोरी तिचीच पकडली गेल्यासारखा. मनकर्णाबाईंनी कुलदीपला सांगितलं, लेकराइले खाली घेऊन जा, कोपऱ्यावर उसाचा रस भेटते. ते तिघं गेल्यावर त्यांनी मशीनवरचं कापड उचललं, त्यातले टाके एकेक करून उसवू लागल्या. बराच वेळ धागा ओढल्याचा आवाज येत राहिला. पौर्णिमा शिव्यांची वाट पाहत होती. शिव्या आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"रडली का थे तिथं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नाही."

"तुले पाहून?"

"नाही."

"जमुना गेली तवाबी नाही रडली. येवढीशी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडं पायत बसे, कोन नेते आता मले म्हनून." त्यांनी सुईत अडकलेला धागा दाताने तोडला. "तू खरं सांगितलं, बरं केलं. कुलदीपरावानं नसतं सांगितलं. पन मले सांगून तुयं हलकं हुईन बाई. तिचं नाही व्हत."

म्हातारी रागावली नव्हती, तिने माफही केलं नव्हतं. तिने फक्त ओझं कुणाचं आहे ते सांगितलं होतं आणि पुन्हा उसवायला बसली होती. खालून अंकुरचा आवाज येत होता. पौर्णिमाने उठून ताटं गोळा केली, मोरीत नेऊन घासली, पाचही ताटं, आणि ती घासून संपू नयेत असं तिला वाटत राहिलं.

निघताना मनकर्णाबाईंनी रागिणीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, तिच्या हातात एक फ्रॉक दिला, आणि बाकी कोणाला काही म्हणाल्या नाहीत. गाडीत या वेळी पौर्णिमाने अंकुरला पुढे मांडीवर घेतलं. मागची पूर्ण सीट रागिणीला. ती खिडकीशी एका कोपऱ्यात बसली, जेवढी जागा तिला नेहमी मिळते तेवढीच घेऊन. बाकी सीट तशीच मोकळी. बोरगाव मंजू गेलं. ऊन उतरत होतं, तुरीच्या शेतांवर पिवळट धूळ बसत होती. पौर्णिमा अंग पिळून मागे वळून बसली होती. आधी तिने काहीतरी निमित्त काढलं, खिडकीची काच बंद कर, पाणी हवं का, गार लागते का. मग निमित्तं संपली तरी ती वळलेलीच राहिली. रागिणीच्या कपाळावर आलेले केस, गुडघ्यावरची जुनी खूण, कानातली बारीक रिंग. पाच वर्षांत हे सगळं तिने पाहिलं नव्हतं असं नाही. धुतलं होतं, विंचरलं होतं, औषध लावलं होतं. पण आता ती पाहत होती ती राखण करणाऱ्यासारखी. कुलदीप एकदा म्हणाला, नीट बस, मान धरून येईन. ती म्हणाली, राहू द्या. मानेत खरंच कळ उठत होती आणि ती कळ तिला हवी होती. अंकुर मांडीवर झोपला. त्याचं डोकं तिच्या दंडाशी घासत होतं आणि तिला ते जाणवतही नव्हतं. ज्याच्याकडे पाहायची गरज नव्हती ते एक पोर मांडीवर होतं, आणि जिला डोळे फाडून पाहावं लागत होतं ती तिथे, हाताच्या अंतरावर. मूर्तिजापूरजवळ रागिणीने डोळे मिटले. मग उघडले. पुन्हा मिटले. पौर्णिमा हसली तिच्याकडे पाहून. रागिणीने तोंड खिडकीकडे वळवलं, थोड्या वेळाने परत इकडे केलं, आणि आपल्यावरची ती नजर अजून तिथेच आहे हे तिला दिसलं.

"मम्मी," ती म्हणाली, "समोर पाह्य ना. तू पाहून राहिली तर मले झोप येत नाही."

दिवसभरात तिने मागितलेली ती पहिली गोष्ट होती. पौर्णिमा हो म्हणाली आणि समोर वळली. बडनेऱ्याचे दिवे अजून बरेच लांब होते. आरशाकडे हात जाऊ नये म्हणून तिने दोन्ही हात अंकुरभोवती गुंफून घेतले आणि रस्त्याकडे पाहत बसली. रागिणीला झोप लागली की ती नुसतेच डोळे मिटून पडली आहे, हे तिला आता घर येईपर्यंत कळणार नव्हतं.